घरचा एबिसू

नववा महिना, तिसरा दिवस

आजोबांचा देव तू विकलास, गहाण टाकलास की जुगारात घालवलास, ते आधी लिही. तब्येतपाणी सगळं मागाहून.

उनोसुके, मी तुझी आजी तोरा. दुसरं कोण तुला लिहायला बसलंय? तुझ्या काकूला, ओशिगेला, माझ्यापेक्षा चांगलं लिहिता येतं, पण ती लिहायला बसली की पानभर नुसता ऋतू चालतो, शेवंती फुलली आणि वारा गार झाला. माझ्याकडे तेवढा कागद नाही. अवघड चिनी अक्षरं मला येत नाहीत, साधी येतात, त्यांत मावेल तेवढं लिहिते. वर तारीख जुनीच घातली आहे. सरकारने नवं पंचांग काढलं तेव्हा चंद्राला कोणी विचारलं नव्हतं.

तर झालं असं. परवा तुझ्या कानेझोकाकाच्या होडीला एबिसू मिळाला. योकोहामात विजार घालून फिरताना विसरला असशील म्हणून लिहिते. समुद्रात वाहत आलेला अनोळखी माणूस. तिकडे त्याला प्रेत म्हणत असतील. इथे तो ज्या होडीला सापडतो तिला मासा लागतो, म्हणून एबिसू. खुद्द त्या देवाचंही तेच झालं होतं. हाडं नसलेलं पोर जन्मलं म्हणून आईबापांनी होडग्यात घालून सोडलं, आणि कुठल्याशा किनाऱ्याला लागून त्याचा हसरा देव झाला.

या माणसाच्या कमरपट्ट्यात एक नेत्सुके होतं, तंबाखूची पिशवी अडकवायची ती हस्तिदंती खुंटी. अंगठ्याएवढा एबिसू, काखेत तांबोशी मासा, तोंडभर हसू. कानेझोने ते धुऊन आणलं, देवाच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाला, "बघ आई, एबिसूच्या कमरेला एबिसू." ओशिगे हसली. मीही हसले. मग मी तो हातात घेतला.

तांबोशीची शेपटी तुटलेली होती. तुला दात येत होते तेव्हा तू ती चावून तोडलीस आणि आजोबांनी तुला मारायचं सोडून तुझ्या तोंडात बोट घालून तुकडा शोधला. ओसाकाच्या एका बुडत्या व्यापाऱ्याला त्यांनी जिवंत वर काढलं होतं, त्याने दिलेला तो देव. मरताना त्यांनी तो पोटच्या पोराला न देता तुला दिला. म्हणून कानेझोने तो कधी नीट पाहिलाच नाही. त्याने ओळखला नाही. ओळखला असता तर तिथेच बोलला असता, त्याच्या पोटात काही राहतं का?

मीही बोलले नाही. दोरी वगैरे काही नव्हती, तुटून गेली असेल. म्हणजे तू तो कुणाला तरी विकलास आणि तो माणूस बुडाला. सरळ आहे. हल्ली तिकडे सगळेच विकतात म्हणे. विजारीला खिसे असतात, मग कमरेला कशाला काही लटकवायचं! परदेशी लोक ही नेत्सुकी विकत घेऊन काचेच्या कपाटात ठेवतात असं तोमेझो सांगत होता. तोच, आपला सुक्या तारल्यांचा व्यापारी. देवाला कपाटात ठेवतात आणि स्वतः बूट घालून घरात फिरतात.

कोणाला विकलास त्याचं नाव लिही. त्याच्या घरच्यांना कळवायला हवं. आणि उत्तर तू स्वतः लिही, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे. नववर्षाच्या पत्रात जिचं नाव घुसवलं होतंस, त्या वखारीत चहाची पानं भाजणाऱ्या ओरिकूकडून लिहून घेऊ नकोस.


नववा महिना, पंधरावा दिवस

टपालवाला आज पुन्हा रिकाम्या हाताने आला आणि वर माझाच चहा पिऊन गेला. तुझ्या बोटांना काय झालंय?

मासा लागलाय. दोन वर्षं तारली रुसून बसली होती, आता किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही एवढी वाळत पडली आहे. गावातल्या पोरांच्या गालांवर मांस दिसायला लागलं. माझ्या कानेझोला, ज्याला काल-परवापर्यंत कोणी तंबाखू विचारत नव्हतं, त्याला जाळीमालक माताएमोन रस्त्यात थांबून वाकून नमस्कार करतो. कानेझो तरी कसला, नमस्कार घेतो आणि खाली बघत निघून जातो. लाजतोय म्हणतात. हा कधी लाजला होता?

त्या दिवशीचं मी तुला नीट लिहिलं नाही. होडी किनाऱ्याला लागायच्या आधीच कानेझोचा खलाशी क्युझो डोलकाठीशी उभा राहून ओरडत होता, "एबिसू! एबिसू!" आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे, बायांनी त्याचं तोंड पाहायचं नाही. पाहिलं तर तो शरमतो आणि नशीब परत घेऊन जातो. सगळ्याजणी समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलो. शेजारची नवी सून वळून वळून बघत होती. मीच तिची मान धरून फिरवली. म्हटलं, "गावाच्या तोंडचा घास घालवशील, भवाने!" माझ्या पाठीमागून त्याला चटईत घालून घेऊन गेले. चटईतून पाणी गळत होतं. ते माझ्या टाचेवर पडलं. मी काही मागे पाहिलं नाही.

चेहरा माशांनी ठेवला नव्हता म्हणे. पुरुषांनी त्याच दिवशी पुरला. अनोळख्यांच्या कोपऱ्यातच पुरला असणार, तिथे बायांना नेत नाहीत.

मला तारली गिळत नाही. ओशिगे म्हणते, "सासूबाई, दात गेले तुमचे." दात गेलेत खरे. पण माणूस गिळतो ते घशाने.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. योकोहामाच्या धक्क्यावरून जे पाण्यात पडतं ते शेवटी आमच्या बोशूच्या किनाऱ्याला येतं. परदेशी बाटल्या, फळ्या, मागे एकदा एक बूट आला, ओशिगेने त्यात कांद्याची रोपं लावली. आठव्या महिन्याच्या शेवटी जे वादळ झालं त्यानंतर तर पिंपंच्या पिंपं आली. म्हणजे माणूस तिकडचाच होता. तू विकलास तो तिकडेच विकला असशील. सगळं जुळतंय. तू फक्त हो म्हण.

माताएमोन काल घरी आला होता. आमच्यासारख्यांच्या पायऱ्या चढायचा नाही असला माणूस, पण आत येऊन बसला.

"तोरा आजी, एबिसूचा सण जवळ आला. तो देव होडीच्या नाळेला, अगदी पुढच्या टोकाला बांधू. नशीब घट्ट राहतं."

"देव आहे, खिळा नाही ठोकायला."

त्याने फळीवरून तो उचलला, उलटापालटा केला. म्हणाला, "कुठेतरी पाहिल्यासारखा वाटतो."

"हसणारे सगळे सारखेच दिसतात, मालक."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग देव परत फळीवर ठेवला, खूप हळू, आणि म्हणाला, "खरं आहे. अनोळखीच आहे. अनोळखीच बरा." जाताना दारात थांबला आणि पुन्हा तेच म्हणाला, "अनोळखीच बरा, आजी."

उनो, ऐक. तू तो देव विकला असशील तर मी एक शब्द बोलणार नाही. जुगारात घालवला असशील तरी नाही. त्या पैशांची दारू प्यायली असशील तर आणखी एक पेला माझ्या नावाने पी. एखाद्या चोराने तुझ्या कमरेवरून कापून नेला असेल आणि तुला कळलंही नसेल, तर तुझ्यासारखा मूर्ख मीच वाढवला म्हणून गावभर मिरवीन. यातलं काहीही लिही. पण लिही.


नववा महिना, सव्विसावा दिवस

ही आजीसाहेब कोण?

"आदरणीय आजीसाहेब, शेवंती बहरली आहे, आपली प्रकृती उत्तम असेलच, मीही ईश्वरकृपेने कुशल असून कामाच्या व्यापामुळे सविस्तर लिहिता आले नाही, क्षमस्व. उनोसुके." माझा उनो मला म्हातारे म्हणतो. कुत्र्याने पाय वर केल्याशिवाय त्याला शेवंतीचं झाड दिसत नाही. आणि देवाचं मी एवढं विचारलं, त्याबद्दल एक अक्षर नाही.

हे पत्र बाईने लिहिलंय, ते मला दिसतंय. पण तू शेजारी बसून सांगितलं असशील, असं मी स्वतःला सांगितलं. दिवसभर सांगितलं. संध्याकाळी उठले आणि महिन्याभराने तुझ्या आजोबांच्या थडग्याकडे गेले. त्यांना चार शब्द ऐकवले की मला बरं वाटतं, उलट बोलत नाहीत.

त्यांच्या शेजारची माती ताजी होती.

घरी आले. कानेझो दारात बसून जाळं सांधत होता.

"बापाशेजारी कोणाला निजवलंस?"

"तिकडे कोपऱ्यात जागा नव्हती."

"त्या कोपऱ्यात अख्खी वरात निजेल."

"पाणी साचतं तिथे, आई."

"प्रेताला काय सर्दी होते?"

त्याची सुई चालत राहिली. जाळ्यातलं सांधलेलं भोक तो पुन्हा सांधत होता. मी विचारलं, "कधी ओळखलंस?"

"तू कधी ओळखलंस ते सांग. मी दोरी मुद्दाम तशीच ठेवली होती. म्हटलं आई बघेल आणि ओरडेल. तू हसलीस."

होय, दोरी होती. पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. देवाच्या पाठीतल्या दोन भोकांतून ओवलेली होती आणि तिला डावरी गाठ होती. आजोबा डावरे, त्यांची जाळ्याची गाठ या गावात कोणाला जमली नाही, तुला जमली, कारण तू लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून त्यांच्याच हातांनी ती मारायला शिकलास. विकत घेणारा पहिलं काय करतो तर जुनी दोरी फेकून नवी ओवतो. मी ती गाठ पाहिली, आणि सगळे जेवायला बसले तेव्हा दोरी कापून चुलीत घातली. चोर जुनी दोरी तशीच ठेवतो. चोराला कुठे वेळ असतो नवी ओवायला? सांग ना, असतो का?

मग कानेझोने सांगितलं. तो सांगत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हते.

"पालथा होता लाटेवर. क्युझो ओरडला, पोरं नाचायला लागली. डाव्या काठावरून वर घेतला, रीतीप्रमाणे. कमरेखाली हात घातला आणि बोटांना तो लागला. ती तुटकी शेपटी. बापाने मला हातही लावू दिला नव्हता त्याला, पण शेपटी माहीत होती मला. तेवढ्यात क्युझोने विचारलं."

काय विचारतात ते तुला ठाऊक आहे. मासा देशील का? दिलास तर नेतो, नाही दिलास तर सोडतो. आणि मेलेल्याच्या वतीने नाखव्याने उत्तर द्यायचं.

"मग?"

"सगळे माझ्याकडे बघत होते, आई. दोन वर्षं ज्यांच्या चुली पेटल्या नाहीत ते."

"काय म्हणालास?"

"देतो म्हणालो." मग सुई खाली ठेवून, "हळू म्हणालो. त्यांनी मला पुन्हा मोठ्याने म्हणायला लावलं."

मी त्याला मारलं. चप्पल हातात होती ती. तो हलला नाही, एवढा थोराड माणूस, नुसता मान खाली घालून बसला. ओशिगे आतून धावत आली आणि "काय झालं, काय झालं" करत राहिली. आम्ही दोघेही म्हणालो, काही नाही.

आता मला भीती वाटते, ती काय ते लिहिते. घरचा माणूस कधी एबिसू होत नाही. घरचा माणूस बुडाला तर सुतक. होडी वर ओढायची, पूर्ण चंद्र उलटून जाईपर्यंत वल्हं पाण्यात घालायचं नाही. आणि आम्ही घरच्याला परका म्हणून आणला, त्याच्याशी माशाचा सौदा केला, त्याने दिलेलं खाल्लं, आणि कानेझो सुतकात रोज पाण्यावर जातो. समुद्राला फसवलेलं कळत नाही असं तुला वाटतं का? तो आता देतोय, भरभरून देतोय. एवढं तर त्याने आजोबांनाही कधी दिलं नव्हतं. रोज पहाटे होडी लोटतात तेव्हा मी किनाऱ्यावर उभी असते. परत आली की मोजते, किती जण गेले, किती आले. क्युझो हसतो, "आजी, आम्ही काय तारल्या आहोत?"

हे सगळं, जर तो तू असशील तर. गाठ डावरी आहे एवढंच मी म्हणते. जगात आणखी डावरे असतील.

भिक्षूने कालच विचारलं, मेलेला पलीकडे पोचतो तो एकोणपन्नासावा दिवस येतोय, पठणात नाव काय घेऊ? नाव नसेल तर वाटसरू म्हणून वाचतो. मी म्हटलं, सांगते. काय सांगू? तू जिवंत असताना तुझं नाव मेलेल्यांत वाचलं तर मीच तुला मारलं. तू मेलेला असताना वाटसरू म्हणून वाचलं तर तू असाच मधल्या वाटेवर फिरत राहशील, आजोबा पलीकडे उभे असून तुला ओळखणार नाहीत. म्हणून पुन्हा लिहिते. मला शेवंती नको. होडीत मेलेल्याच्या वतीने कोणीतरी देतो म्हणतं, तसलं उत्तर मी एकदा ऐकलंय. मला तुझं हवं. शिवी लिही, चालेल. त्या बाईला दूर बसव आणि तू लिही.


दहावा महिना, नववा दिवस

तुला एवढी लांब लांब वाक्यं लिहिता येतात, आणि पोटात पोर आहे हे लिहिता आलं नाही?

ओरिकू, हे पत्र तुला आहे. मी तोरा. तोमेझोला मीच तुझ्या दारी पाठवलं होतं, सुक्या तारल्या विकायला नाही. तो परत आला आणि माझ्यासमोर टोपी हातात घेऊन उभा राहिला तेव्हाच मला कळलं. तो टोपी कधी काढत नाही, टक्कल आहे.

त्याने सगळं सांगितलं. वादळाच्या दिवशी धक्क्यावरच्या मुकादमाने माल उतरवायला लहान होडी पाण्यात घालायला लावली. उनो नको म्हणाला होता. आमच्याकडचा होता, पाणी कळत होतं त्याला. तरी गेला. होडी उलटली. बाकीचे सापडले, उनो सापडला नाही, आणि मुकादमाने तुला सांगितलं की पोहत कुठेतरी लागला असेल, येईल, उगाच बोभाटा करू नकोस. तू बोभाटा केला नाहीस. उनो झोपतानाही तो देव कमरेवरून काढत नव्हता, हेही तू तोमेझोला सांगितलंस. हे मला आधी लिहिलं असतंस तर, असं मी म्हणणार होते. पण म्हणत नाही. माझं पत्र त्याच्या नावाने आलं, तू ते फोडलंस, आणि त्याच्या नावाने उत्तर लिहिलंस की तो कुशल आहे. तोमेझोने विचारलं तेव्हा म्हणालीस म्हणे, "लिहिताना वाटलं, कुठेतरी तसं असेल." मी दोरी चुलीत घातली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. त्यामुळे तू खोटारडी आहेस हे मी बोलणार नाही. बोलायला दुसरे आहेत.

तोमेझो बोलत होता तेव्हा कानेझोची होडी पाण्यावर होती. सकाळी आरशासारखा समुद्र, दुपारी नैऋत्येचा वारा फिरला आणि पाणी काळं पडलं. मी किनाऱ्यावर जाऊन उभी राहिले. हळूहळू सगळ्याजणी जमल्या. मला वाटलं, आता घेणार. दिलेलं सगळं एकदम परत घेणार, आणि या सगळ्या बायांना कळणारही नाही की कोणामुळे. शेजारच्या त्या सुनेने माझी बाही धरली होती. मी झटकली नाही.

अंधार पडायच्या आत शीड दिसलं. होडी कडेपर्यंत पाण्याने भरलेली, जाळं तोडून दिलेलं, पण माणसं सगळी. कानेझो शेवटचा उतरला. माताएमोन पुढे होऊन म्हणाला, "बघ, एबिसू सांभाळतो. आजी, आता तरी देव द्या नाळेला."

मी म्हटलं, "तो एबिसू नाही. तो माझा नातू आहे."

माताएमोन हलक्या आवाजात म्हणाला, "म्हातारपणी असं होतं. चला घरी."

"उनोसुके. माझ्या मोठ्या पोराचा पोरगा, ज्याचे आईबाप तापात गेले आणि ज्याला मी वाढवलं. तो देव त्याचा. तुम्ही तो माझ्या नवऱ्याच्या कमरेला नववर्षाला पाहिला होता, मालक, तुम्हाला चांगला आठवतोय."

"आजी, विचार करून बोला. बोललेलं परत जात नाही."

"म्हणूनच बोलतेय."

तेव्हा क्युझो, मूर्ख, कानेझोकडे वळून म्हणाला, "नाखवा, तूच तर देतो म्हणालास." आणि कानेझो वाळूत बसला. ओल्या कपड्यांनिशी बसला आणि त्याने कपाळ वाळूला टेकवलं, कोणासमोर ते मला माहीत नाही, गावासमोर असेल, नाहीतर पाण्यासमोर.

होड्या वर ओढल्या आहेत. आमचीच नव्हे, सगळ्या. पुढचा पूर्ण चंद्र उलटेपर्यंत कोणी जाणार नाही. आणि मासा गेलेला नाही, हेच वाईट. टेकडीवरून दिसतो, पाणी चमकतं, पक्षी तुटून पडतात, आणि पुरुष हात बांधून बघत बसतात. मग मान वळवून आमच्या घराकडे बघतात. विहिरीवर माझ्या पाळीला कोणी थांबत नाही, निघून जातात. काल किनाऱ्यावर वाळत घातलेल्या आमच्या तारलीच्या चटया कोणीतरी उचलून आमच्या दारात आणून टाकल्या. ओशिगे रडते. कानेझो डोकं भादरून देवळात दिवसभर फरशी पुसतो. रोज रात्री वाटतं, समुद्राने हे ऐकलं का? एवढं पुरेसं झालं का? की त्याला अजून काही हवं आहे? मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही.

भिक्षूने नाव विचारलं. मी सांगितलं.

आता तुझं. तोमेझो म्हणतो, घरमालकीण तुला महिनाअखेरीपर्यंतच ठेवणार आहे आणि त्यानंतर कुठल्या कुंटणखान्यात नेऊन घालणार आहे तेही तिने ठरवलंय. गोड बोलते म्हणे. अशा बाया गोडच बोलतात. तिच्या हातचं काही पिऊ नकोस, पोट पाडायचे काढे गोड लागतात. दाराला आतून अडसर घाल.

इथे ये असं मी प्रेमाने म्हणत नाही. मी तुला पाहिलेलं नाही आणि तुझं अक्षर मला आवडलं नाही. इथे आलीस तर गाव तुला बुडालेल्याची बायको म्हणून बघेल, आणि माझी तारली घरात असेपर्यंतच आहे, मग गाजर-मुळे. ओशिगे तुला ऋतूबद्दल सांगून जीव नकोसा करील. तान्हं जन्मलं की त्याला पाण्याजवळ न्यायचं की नाही यावरून कानेझोचं आणि माझं भांडण आतापासूनच सुरू झालंय. पण जागा आहे. उनोची गादी उन्हात घातली आहे.

तोमेझोच्या होडीने येऊ नकोस. वाफेच्या बोटीने तातेयामापर्यंत ये, तिथून कानेझो तुला जमिनीवरून आणेल, वेळ लागला तरी चालेल. पाण्याचा मला सध्या भरवसा नाही. निघायच्या आधी कळव. न कळवता निघालीस तर मी इथे किनाऱ्यावर वाहून आलेली एकेक फळी उलटून बघत बसेन, आणि तेवढा जीव आता माझ्यात नाही.

उत्तर तू दे. घरमालकीण नको, तोमेझोचा निरोप नको. येते किंवा येत नाही, एवढंच लिही, आणि खाली तुझं स्वतःचं नाव घाल.